आगगाडी कोकणात उशिरा का आली?



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना वाटले असेल, की हे तक्रारीचे व्याख्यान होणार. कोकणावर अन्याय झाला, ही गोष्ट आपण इतक्या वेळा म्हटली आहे, की तिच्यातली धारच बोथट झाली आहे. मला तक्रार करावयाची नाही. मला एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे आणि इतिहासाच्या आधारे त्याचे उत्तर शोधावयाचे आहे. हिंदुस्थानातील उतारूंची पहिली आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास गेली. ठाणे म्हणजे उत्तर कोकणच. म्हणजे देशातली ही पहिली गाडी कोकणच्या भूमीवर धावली. आणि त्याच कोकणातल्या आपल्या खेडास गाडी आली १९९५ साली! मुंबई ते खेड हे अंतर तोडावयास आगगाडीला १४२ वर्षे लागली. बैलगाडीसुद्धा इतकी सावकाश चालत नाही. मग मध्यंतरी झाले काय?

प्रथम प्रारंभाकडे वळू. विलायतेत १८३० च्या सुमारास लिव्हरपूल व मँचेस्टर ही शहरे लोखंडी रस्त्याने जोडली गेली. मँचेस्टर हे कापडाचे गाव. त्याला कापूस हवा आणि तो बहुतेक सारा अमेरिकेतून येई. १८४६ साली अमेरिकेतील पीक बुडाले, तेव्हा गिरणीवाल्यांचे धाबे दणाणले. एकाच दुकानावर उधारी ठेवणारा माणूस अडचणीत येतो, तशी त्यांची गत झाली. दुसरे दुकान म्हणजे हिंदुस्थान. येथे वऱ्हाड, खानदेश व गुजरात या भागांत कापूस मुबलक होता. पण वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईस येई, त्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागत. वाटेत धूळ बसे, पाऊस गाठी, चोरी होई. तेव्हा बंदरापासून कापसाच्या मुलखापर्यंत लोखंडी रस्ता बांधावा, ही कल्पना निघाली. मुंबईतही तिला पाठबळ मिळाले. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या धुरिणांनी १८४५ च्या सुमारास या उद्योगात पुढाकार घेतला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

१ ऑगस्ट १८४९ रोजी विलायतेच्या पार्लमेंटने कायदा करून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापिली. आपल्या आजोबा-पणजोबांनी तिला ‘जी. आय. पी.’ म्हटले. या कंपनीचा कंपनी सरकाराशी जो करार झाला, तो नीट समजून घेतला पाहिजे. कारण पुढची पुष्कळशी कोडी त्या करारात सुटतात. सरकारने जमीन फुकट द्यावयाची आणि भागीदारांनी घातलेल्या भांडवलावर दरसाल शेकडा ५ टक्के व्याजाची हमी घ्यावयाची. रेल्वेला नफा झाला नाही तर ते व्याज कोठून यावयाचे? हिंदुस्थानच्या वसुलातून. म्हणजे लंडनमधल्या भागीदाराला तोटा ठाऊकच नाही. तोटा झालाच तर तो येथील रयतेने भरावयाचा. ज्याचा खर्च दुसरा भरतो, तो हात राखून खर्च करीत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्र नको. पुढे दादाभाई नौरोजींनी देशातून बाहेर वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, त्यात या व्याजाचाही विचार होता. आपले गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून रेल्वेच्या विस्ताराची परखड मीमांसा केली. रेल्वेवर इतका पैसा ओतता आणि पाटबंधाऱ्यांवर इतका थोडा का? गाडीने विलायती माल खेड्यापर्यंत पोचतो आणि गावचा कारागीर बसतो, याचे काय? हे त्यांचे प्रश्न होते. ही मंडळी आगगाडीची शत्रू नव्हती. गाडी कोणासाठी धावते, एवढेच ती विचारीत होती.

काम मात्र झपाट्याने झाले. जेम्स बर्कली हा तरुण मुख्य इंजिनिअर १८५० साली आला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीव येथे कामाचा प्रारंभ झाला. शनिवार, दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित, ओढावयास साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने आणि सलामीस २१ तोफा. २१ मैलांचा तो प्रवास गाडीने तासाभरात केला. दुतर्फा माणसांची एकच गर्दी लोटली होती. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी चालते, हे नवल पाहून कोणी हात जोडले, कोणी नाना तऱ्हेच्या वावड्या उठविल्या. पण कंपनीच्या हिशेबनिसांचा एक अंदाज आपल्या लोकांनी लवकरच खोटा ठरविला. पुष्कळांना वाटत होते, की सोवळ्याओवळ्याचा हा देश. एका बाकावर बसून माणसे प्रवास करणार नाहीत, उत्पन्न येईल ते मालाचे. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाचे डबे खचाखच भरू लागले.

१ मे १८५४ रोजी रूळ कल्याणास पोचले. तेथे त्याला दोन फाटे फुटले. एक ईशान्येस थळ घाटाकडे, दुसरा आग्नेयेस बोरघाटाकडे. नकाशा डोळ्यांपुढे आणा. दोन्ही फाट्यांनी समुद्राकडे पाठ केली आणि तोंड सह्याद्रीकडे केले. आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कल्याणच्या फाट्यात आहे. लोखंडी रस्त्याला जावयाचे होते कापसाकडे. कापूस होता घाटमाथ्यापलीकडे. कोकणात भात, नाचणी, वरी. त्यांची मँचेस्टरला काय मातब्बरी?

कोणी म्हणेल, कोकणची भूमी डोंगराळ, नद्यानाल्यांनी चिरलेली, तेथे रूळ घालणे त्या काळी अशक्यच होते. हे उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलो. पण ते पुरे पडत नाही. कारण त्याच काळात त्याच लोकांनी बोरघाट फोडला. खोपोलीपर्यंतचा रस्ता १८५६ साली झाला, खंडाळा-पुणे १८५८ साली सुरू झाला. आणि मधला घाट मात्र उतारू पालखीने, डोलीने, बैलगाडीने चढत. तो जोडावयास १८६३ साल उजाडले. पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आठ मोठे पूल आणि चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका खडा. गाडीला वाटेत थांबवून तोंड फिरवून पुन्हा चढवावे लागे, इतकी ती वाट अवघड. १८६१ साली या एका घाटात ४२,००० च्या आसपास मजूर राबत होते. पटकी व ताप यांनी त्यांची किती माणसे नेली, त्याची धड मोजदादही राहिली नाही. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार येथे आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याच्या मागे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. बर्कलीची प्रकृती ढासळून तो स्वदेशी परतला आणि घाट खुला होण्यापूर्वीच १८६२ साली निवर्तला. साहेबाची नावे अशी आपल्याला ठाऊक आहेत. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या त्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. ही गोष्ट मनात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

तात्पर्य, डोंगर अडवतो हे खरे. पण पलीकडे जाण्याची गरज असली, की डोंगर फोडता येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, मुंबईत सोन्याचा धूर निघाला आणि घाट फोडण्याचा सारा खटाटोप वसूल झाला. १८६५ च्या आरंभी थळ घाट खुला झाला, १८६७ साली गाडी नागपुरास पोचली आणि १८७० साली जबलपुरास कलकत्त्याकडील रस्त्यास मिळाली. सतरा वर्षांत मुंबई-कलकत्ता एक झाली!

या सतरा वर्षांत आपण कोठे होतो? आपल्या शेजारच्या दापोली तालुक्यातील एक गोष्ट सांगतो. मुरुडचा एक मुलगा १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस साताऱ्यास निघाला. रस्ता म्हणजे रान आणि घाट. सुमारे ११० मैल तो मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी गेला. तेथे अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले आणि वयाने लहान दिसतोस, असे म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. तो सतराच्या घरातला होता! तो मुलगा म्हणजे पुढे महर्षी झालेले धोंडो केशव कर्वे. पुण्यास आगगाडी येऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. म्हणजे अण्णासाहेब आणि पुण्याची गाडी यांचे जन्मसाल एकच, १८५८. एका बाजूस गाडी धावत होती आणि दुसऱ्या बाजूस विद्येसाठी मुलगा अनवाणी डोंगर चढत होता. अण्णासाहेब कर्वे होते म्हणून तरून गेले. त्या वाटेवरून परत फिरलेले आणि पुन्हा न निघालेले किती असतील?

याहून कटू गोष्ट पुढेच आहे. लोखंडी रस्त्याने कोकणास नुसते वगळले नाही. कोकणाजवळ जे होते त्यातलेही काही काढून नेले. जुन्या काळी कऱ्हाडकडचा माल कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास येई. तेथून गोवळकोटच्या बंदरातून वाशिष्ठीच्या भरतीवर दाभोळास आणि पुढे मुंबईस जाई. आपले खेडसुद्धा जगबुडीवरचे बंदरच होते. घाटावरचे धान्य, गूळ खाली यावे आणि खालचे मीठ, नारळ, मासळी वर जावी, ही आपल्या बाजारपेठांची पिढ्यान् पिढ्यांची शिदोरी. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर सरकारने दक्षिणेत रेल्वे वाढवावयाचे ठरविले. सदर्न मराठा रेल्वे निघाली आणि १८९० च्या सुमारास पुण्याहून कऱ्हाडजवळून मिरज व पुढे लोंढ्याकडे गाडी धावू लागली. दुष्काळी मुलखाला तिची गरज होती, यात शंका नाही. पण कऱ्हाडचा व्यापारी आता कुंभार्ली कशाला उतरेल? आपल्या खाड्यांत गाळ साचत गेला आणि पेठांतली वर्दळही ओसरत गेली. पोर्तुगीजांनी इंग्रजांशी तह करून १८८८ पर्यंत मुरगावचे बंदर कॅसलरॉकपर्यंत जोडून घेतले. खाली १९०७ साली मंगळुरास गाडी आली. बंदरांतून घाटाकडे जाणारे रस्ते झाले. बंदरांना एकमेकांशी जोडणारा, किनाऱ्याच्या माणसाच्या उपयोगाचा रस्ता तेवढा झाला नाही.

कारण किनाऱ्याचा माणूस हा त्या हिशेबातला माल नव्हता. त्याला आणावयास रूळ लागत नव्हते. पोटाची आग पुरेशी होती. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभिली, पुढे गिरण्यांचे रान माजले, आणि त्या गिरण्यांत मजूर पुरविण्यात रत्नागिरी जिल्हा पुष्कळ वर्षे आघाडीवर राहिला. कापूस आला आगगाडीने आणि तो कातणारा माणूस आला गलबताने, आगबोटीने. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंद. गणपतीला घरी जावयाचे तर वाट कोणती? बोटीचा प्रवास म्हणजे काय, हे १७ जुलै १९४७ या दिवशी साऱ्यांना कळून चुकले. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघे चार आठवड्यांवर आले होते.

स्वराज्य आले. १९५१ साली जी. आय. पी. मध्य रेल्वेत सामावली. आता हिशेब बदलावयास हवा होता. पण व्यवहारात हिशेबाची जुनी वही लवकर मिटत नाही. ‘मार्ग फायद्यात चालेल काय?’ हाच पहिला प्रश्न राहिला. जेथे गाडी नाही तेथे धंदा नाही आणि जेथे धंदा नाही तेथे गाडी नाही, हे दुष्टचक्र. ते फोडण्यासाठी काही माणसांनी आयुष्य वेचले. अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेतला आणि तो साऱ्या कोकणास लावला. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते. लोकसभेत त्यांनी कोकण रेल्वेचा आवाज उठविला. १९७१ साली ते गेल्यावर मधु दंडवते यांनी तोच वसा घेतला. १९६० नंतरच्या दशकात दिव्याहून गाडी पनवेल व आपटा येथपर्यंत आली होती. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना आपटा-रोहा या टप्प्यास चालना मिळाली आणि १९८६ साली ती रोह्यास पोचली. ‘घाट उतरून’ नव्हे, तर किनाऱ्याने दक्षिणेस जाणारी गाडी प्रथमच कोकणात शिरली.

पुढची हकीगत आपल्या डोळ्यांदेखतची. १९८९ साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले. १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यास कोनशिला बसली. भांडवल कसे उभे केले, ते पाहा. केंद्राची रेल्वे आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही चार राज्ये भागीदार झाली. उरलेला मोठा भाग रोख्यांच्या रूपाने देशातूनच उभारला. १८४९ साली लंडनच्या भागीदाराला येथल्या रयतेने व्याजाची हमी दिली होती. १९९० साली देशाने आपलाच पैसा आपल्याच मार्गात घातला. १४१ वर्षांत घडलेला हा पालट मला पुलांहून आणि बोगद्यांहून मोठा वाटतो.

पूल आणि बोगदेही काही लहान नव्हेत. रोह्यापासून मंगळुराजवळ ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदांवर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. खेडच्या उत्तरेस नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरहून लांब. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळच पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. बोरघाटात चढ ३७ स एक होता. येथे तो १५० स एक याहून खडा होऊ दिला नाही. बोरघाट डोंगर चढून गेला, कोकण रेल्वे डोंगराच्या पोटातून सरळ गेली. गोव्यात मार्ग कोठून न्यावा यावरून वाद झाला, चौकशी समिती बसली. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ओल्या पिठासारखी खचत राहिली आणि तिने साऱ्या कामाला खोळंबविले. वीर ते खेड गाडी १९९५ च्या मार्चमध्ये आली, खेडहून सावंतवाडीपर्यंत १९९६ च्या डिसेंबरात गेली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्गावर गाडी धावू लागली.

म्हणून सारे काही साधले, असे मी म्हणणार नाही. सह्याद्रीचा कातळ फोडला तरी त्याच्या अंगावरची माती पावसात सुटते, हे २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळच्या अपघाताने दाखविले. पन्नासच्या आसपास जीव गेले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर दरडींचा बंदोबस्त झाला, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवण्याची रीत पडली. २०२२ साली सबंध मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. पण मार्गाचा बहुतेक भाग एकेरीच, आणि गणपतीला जागेसाठी होणारी झुंबड आपल्याला सांगावयास नको. कुंभार्लीखालून चिपळूण-कऱ्हाड जोडण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ती वाट आजोबांनी बैलाच्या पाठीवर चालविली, हे मघाशी पाहिलेच.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. आगगाडी कोकणात उशिरा का आली? डोंगर होता म्हणून नव्हे. मार्ग आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माल होता, माणूस नव्हता, म्हणून. माणूस डोळ्यांपुढे येण्यास आधी आपले राज्य यावे लागले, मग आपला माणूस बोलावा लागला, आणि तरीही अर्धशतक लोटले. उद्या चिपळूण-कऱ्हाडचा प्रश्न निघेल, दुहेरी मार्गाचा निघेल, तेव्हा कोणी विचारील, येथून माल किती निघेल? लोट्याच्या माळावर आज कारखाने आहेत. कदाचित या वेळी मालाचे उत्तरही आपल्याजवळ असेल. पण त्याबरोबर दुसरा प्रश्न आपण विचारावयास विसरू नये : येथल्या माणसाला त्याचा उपयोग काय?

आणि शेवटी ती राहिलेली गोष्ट. रत्नागिरीच्या स्थानकाशी कोकण रेल्वे बांधताना प्राण गमावलेल्यांचे श्रमशक्ती स्मारक आहे. बोरघाटातल्या हजारोंना जे लाभले नाही, ते यांना लाभले. पण स्मारकाचा दगड सर्व काही सांगत नाही. नातूवाडीच्या बोगद्यात राबलेली, मार्गासाठी आंब्याची कलमे व भाताची खाचरे दिलेली, पहिल्या गाडीला खेड स्थानकावर ओवाळणारी माणसे आपल्या गावांत अजून आहेत. त्यांतली बरीच आता वृद्ध आहेत. या सभागृहातही काही बसली असतील. मुलांनो, तुमची वही काढा आणि त्यांच्याजवळ बसा. त्यांनी काय दिले, काय मिळविले, काय गमावले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नाही तर आणखी शंभर वर्षांनी कोणी वक्ता येथे उभा राहील, इंजिनिअरांची नावे सांगेल आणि म्हणेल, की काम करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. तशी वेळ त्याच्यावर आणू नका, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.